सोलापूरची फाशी, सोलापूरचा जामीन

दरवर्षी १२ जानेवारीला आमच्या सोलापुरात 'चार पुतळ्या'ला हार घातले जातात. शाळांच्या फेऱ्या निघतात, पुढाऱ्यांची भाषणं होतात, आणि संध्याकाळपर्यंत झेंडूच्या पाकळ्या रस्त्यावर वाळून जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढवलं गेलं. चार घरं, चार समाज, एक दोर. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगतो. कुर्बान हुसेन यांचं नाव आलं की मागच्या बाकावरची मुलंही सरसावून बसतात. वीस-एकवीस वर्षांचा, वर्तमानपत्र चालवणारा, गिरणी कामगारांत काम करणारा, आपल्याच गावचा मुलगा.

दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने मधेच हात वर केला. म्हणाला, "सर, फांसी तो कोर्टनेच दिया ना? फिर कोर्ट पो भरोसा कैसा रखने का?"

आदल्याच आठवड्यात मी त्याच वर्गाला राज्यघटना शिकवली होती. न्यायालय हे नागरिकांच्या हक्कांचं रक्षण करतं, असं फळ्यावर लिहिलं होतं. मुलाने दोन धडे एकमेकांशेजारी ठेवले आणि मला पकडलं. तेव्हा मी 'ते इंग्रजांचं कोर्ट होतं, आता आपलं आहे' असं सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर मलाच पटेना. खरंच एवढं सोपं आहे का ते? हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

आधी १९३० मध्ये काय झालं ते थोडक्यात पाहू. मिठाच्या सत्याग्रहात ४ मेच्या मध्यरात्री गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, बाजार बंद पडला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेलेल्या लोकांपैकी काहींना पोलिसांनी पकडलं, जमाव जमला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण त्यात गेला. मग जमावाचा तोल सुटला. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जाळली गेली. पोलिसांनी गाव सोडलं. ९, १०, ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. काँग्रेसचे स्वयंसेवकच रस्त्यावरची व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी लष्कर आलं आणि मार्शल लॉ लागू झाला. तो ३० जूनपर्यंत चालला. राष्ट्रीय झेंडा लावणं हासुद्धा त्या काळात गुन्हा ठरला.

एक गोष्ट मला नेहमी खटकत आलीय. भाषणांमध्ये ती कोणी बोलत नाही. लोकांनी कोर्ट का जाळलं? चौकीचा राग समजतो, कारण लाठी आणि गोळी तिथून येत होती. पण कोर्ट? मला वाटतं, लोकांच्या लेखी दोन्ही इमारती एकच होत्या. एका ठिकाणी पकडत, दुसऱ्या ठिकाणी शिक्षा देत. मधे कोणी 'थांबा, पुरावा दाखवा' म्हणणारा आहे, असा अनुभवच नव्हता. ज्या दिवशी लोकांना न्यायाधीशाची खुर्ची आणि फौजदाराची खुर्ची एकच वाटू लागते, त्या दिवशी कोर्टाची इमारत आतून रिकामी झालेली असते. आग नंतर लागते.

चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला झाला. आमच्याकडची जुनी माणसं सांगत आली आहेत की मल्लप्पा धनशेट्टी त्या दिवशी जमावाला आवरत होते आणि कलेक्टर नाइटला त्यांनीच वाचवलं होतं. पण गावावर मार्शल लॉची दहशत होती, आणि सरकारला कुणाला तरी धडा शिकवायचा होता. फाशीची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रिव्ही कौन्सिलकडूनही दिलासा मिळाला नाही. त्या वेळी लंडनला पहिली गोलमेज परिषद चालू होती. हिंदुस्थानला किती स्वराज्य द्यायचं यावर चर्चा सुरू होती. चौघांच्या फाशीनंतर दोनच आठवड्यांनी गांधीजींना त्याच येरवड्यातून सोडण्यात आलं. म्हणजे तडजोडीची हवा आली होती, दोर मात्र थांबला नाही.

कागदावर सगळं नीट होतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. वकील होते, अपील होतं, निकालपत्र होतं. सोलापूरच्या मार्शल लॉचा प्रश्नही मुंबई उच्च न्यायालयात गेला. मुख्य न्यायाधीश ब्यूमाँट यांच्यासमोरचं ते चन्नप्पा शांतिरप्पा प्रकरण आजही कायद्याच्या पुस्तकांत सापडतं. मार्शल लॉचा आधार फक्त गरज हा आहे, आणि ती गरज खरोखर होती का हे न्यायालय तपासू शकतं, हे तत्त्व त्यात मान्य झालं. तत्त्व चांगलंच होतं. पण न्यायाधीशाच्या हातात तराजू देऊन वजनं सरकारनेच घडवली तर तो काय तोलणार? नागरिकाला मूलभूत हक्क नव्हते. व्हाइसरॉय वटहुकूम काढे आणि तोच कायदा होई. राज्य करणाऱ्याला अडवू शकेल असा, त्याच्याहून वरचा कागद अस्तित्वातच नव्हता.

त्या काळातल्या कोर्टाची आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे हिंदी होते, पारशी होते. तेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. ज्यांनी जामीन मागितला, त्यांनीच न्यायाधीश झाल्यावर जामीन नाकारला. पुढे १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच दालनाबाहेर टिळकांच्या स्मरणार्थ शिला बसवली गेली. तिचं अनावरण करणारे मुख्य न्यायाधीश होते महंमद करीम छागला. जुन्या न्यायासनाच्या चुकीचं प्रायश्चित्त नव्या न्यायासनाने घेतलं, आणि ते घेणारा माणूस एक मुसलमान होता. आमच्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

तर 'तेव्हा इंग्रजांचं होतं, आता आपलं आहे' हे माझं उत्तर. त्याची परीक्षा १९७५ मध्ये झाली.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. दोन दिवसांत राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ खाली न्यायालयात जाण्याचा हक्क थांबवला गेला. मिसाखाली माणसं उचलली जाऊ लागली. ४ जुलैला ज्या संघटनांवर बंदी आली त्यात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ होता आणि जमात-ए-इस्लामीही होती. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं तुरुंगांच्या भिंतींआड शेजारी आली. त्यांचं दुखणं एकच होतं. मला का पकडलं, हे विचारायची सोय नव्हती.

या वेळी मात्र घटना होती, मूलभूत हक्क होते आणि न्यायाधीशही आपलेच होते. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी अटक कायद्यानुसार आहे का, एवढं तरी आम्ही तपासणार. मुंबई उच्च न्यायालय त्या नऊंमध्ये होतं. याच काळात मुंबईच्या वकिलांना नागरी स्वातंत्र्यावर एक खासगी सभा घ्यायची होती. निवृत्त छागला त्यात बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. मुख्य न्यायाधीश कांटावाला आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी तो हुकूम रद्द केला. आणीबाणी भर जोरात असताना हे घडलं.

मग सगळी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. एडीएम जबलपूर नावाने ओळखला जाणारा निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी लागला. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक दुष्टाव्यातून कुणाचा जीव घेतला तरीही कोर्टात काही उपाय नाही का? डे यांचं उत्तर होतं की आणीबाणी आहे तोवर नाही. आणि पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. ते चौघे म्हणजे अजितनाथ रे, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले.

ही नावं मी मुद्दाम सांगतो. आपल्या घरांत अजूनही एखाद्या पीठावर 'आपला' माणूस आहे का, हे आधी शोधलं जातं. तिथे बेग होते. स्थानबद्धांची सरकार आईच्या मायेने काळजी घेतंय, अशा अर्थाचं त्यांनी निकालपत्रात लिहिलं. तिथे चंद्रचूड होते, महाराष्ट्राला ज्यांचा अभिमान होता. मुसलमान न्यायाधीश मुसलमान कैद्याच्या कामी आला नाही, मराठी न्यायाधीश मराठी कैद्याच्या कामी आला नाही. कामी आला तो पंजाबी खन्ना, आणि त्याची किंमतही त्याने मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. खुर्चीवरच्या माणसाचं आडनाव पाहून अदालत ओळखता येत नाही. सरकारसमोर तो कोणता प्रश्न विचारतो, त्यावरून ती ओळखायची असते.

आता पुन्हा सोलापूर.

आमच्या गावच्या वकिली परंपरेत ललित घराण्याचं नाव मोठं आहे. उमेश रंगनाथ ललित हे सोलापूरचे वकील पुढे मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश झाले. 'अतिरिक्त' या शब्दाकडे लक्ष द्या. घटनेच्या कलम २२४ खाली अशी नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी होते, आणि साधारणपणे पुढे कायम केलं जातं. म्हणजे ही दोन वर्षं न्यायाधीशाच्या डोक्यावर सरकारची नजर असते. आमच्या शिक्षण सेवकासारखंच म्हणा. कायम होईपर्यंत माणूस तोंडावर बोट ठेवून असतो.

ललितांनी तसं केलं नाही. आणीबाणीत पकडलेल्या तरुणांना त्यांनी जामीन दिला. १९७६ मध्ये मुदत संपत आली. मुख्य न्यायाधीश कांटावाला यांनी त्यांना ठेवावं अशी शिफारस केली होती. दिल्लीत कायदामंत्री होते हरी रामचंद्र गोखले, जे स्वतः एकेकाळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. तरीही ललितांना मुदतवाढ मिळाली नाही. त्यांची न्यायाधीशाची खुर्ची गेली आणि ते पुन्हा वकिलीकडे वळले. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगाने त्या काळातल्या अत्याचारांची चौकशी केली, त्यात ललितांचं हे प्रकरण होतं. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेविरुद्ध निकाल देणारे दिल्लीचे न्यायमूर्ती अगरवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीशाच्या पदावर पाठवलं गेलं, तेही त्यात होतं. त्या एका वर्षात उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्याही झाल्या होत्या.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मला एका शब्दाची नेहमी गंमत वाटते. 'जामीन' हा मूळचा अरबी 'ज़ामिन'. अर्थ, दुसऱ्यासाठी हमी राहणारा माणूस. मराठीत तो माणसावरून त्या सुटकेवर सरकला. कोर्टातले आपले निम्मे मराठी शब्द असेच आलेत. वकील, फिर्याद, दावा, अर्ज, तारीख, कैद, हुकूम, कायदा. 'इन्साफ'च्या मुळाशी 'निस्फ' म्हणजे अर्धा हा शब्द आहे. दोन्ही बाजूंना सारखं तोलणं. आता ललितांच्या बाबतीत जुना अर्थ लावून पाहा. त्या तरुणांसाठी हमी राहिले ते स्वतः न्यायाधीशच, आणि जामीनदाराला शेवटी पैसे भरावे लागतात तसं त्यांनी आपलं पद भरलं.

यावर वाचक म्हणतील की हा तर एका माणसाचा मोठेपणा झाला. बरोबर. आणि नेमकी हीच अडचण आहे. आपल्याकडे न्यायाधीशाच्या धैर्याच्या गोष्टी खूप आहेत. मराठी शाळेत रामशास्त्री प्रभुणे शिकवतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. आमच्या घरांत काझी शुरैह यांची गोष्ट सांगतात, ज्यांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून हजरत अली खलिफा असतानाही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. दोन्ही गोष्टी ऐकताना ऊर भरून येतो. पण त्यांचा शेवट पाहा. हजरत अलींनी निकाल मानला म्हणून तिथे न्याय झाला. राघोबांनी मानला नाही, आणि रामशास्त्रींना पुणं सोडून जावं लागलं. न्याय मिळणं हे राजाच्या मनावर अवलंबून होतं. राज्यघटनेने नेमकं हेच बदलायचं ठरवलं. राजाचं मन कसंही असो, निकाल लागू झाला पाहिजे आणि शास्त्र्याला गाव सोडावं लागता कामा नये.

कोर्टाची राजकीय भूमिका म्हणतात ती मला अशी दिसते. न्यायाधीशाने पक्षाचं राजकारण करू नये, हे खरंच आहे. पण माणूस आणि सरकार समोरासमोर आले की न्यायाधीशाचा प्रत्येक निकाल सत्ता इकडून तिकडे सरकवतो. जामीन दिला तर थोडी सत्ता माणसाकडे येते, तारीख पुढे ढकलली तर सरकारकडे राहते. काहीच न करणं हीसुद्धा एक बाजू असते. म्हणूनच प्रत्येक सरकारला न्यायाधीश कोण असावा यात रस असतो. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूळ चौकटीला संसदेलाही हात लावता येणार नाही असा निकाल आला, आणि दोनच दिवसांत तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं. एडीएम जबलपूर त्यानंतर तीन वर्षांनी आला. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

तेव्हा काँग्रेस होती म्हणून ज्यांना हे वाचून बरं वाटतंय, त्यांनी न्यायमूर्ती अकील कुरेशींचं प्रकरणही आठवावं. गुजरात उच्च न्यायालयातल्या या ज्येष्ठ न्यायाधीशांना मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश करावं, अशी शिफारस २०१९ मध्ये कॉलेजियमने केली. सरकारने ती परत पाठवली. शेवटी शिफारस बदलून त्यांना त्रिपुरासारख्या छोट्या न्यायालयात पाठवण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयात ते कधीच पोचले नाहीत. याच कुरेशींनी २०१० मध्ये अमित शहांना सीबीआय कोठडी दिली होती. कारण काय ते कागदावर कोणी लिहीत नाही. ललितांच्या वेळी तरी नंतर आयोग बसला होता.

पण इतिहास इथे थांबत नाही, आणि मला त्या मुलाला अर्धीच गोष्ट सांगायची नाही.

उमेश रंगनाथ ललितांचे चिरंजीव उदय उमेश ललित. जन्म सोलापूरचा, १९५७ चा. २०१४ मध्ये ते वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. वकील असताना त्यांनी अमित शहांची बाजू मांडली होती, त्यामुळे त्यांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. २२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाक एका दमात देण्याची पद्धत तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाली. त्या तिघांत ललित होते, आणि विरोधी मतात न्यायमूर्ती अब्दुल नझीर होते. दोनच दिवसांनी, २४ ऑगस्टला, पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि एडीएम जबलपूर चुकीचा होता असं स्पष्ट सांगितलं. ते लिहिणारे धनंजय चंद्रचूड, म्हणजे १९७६ च्या चंद्रचूडांचा मुलगा. एका आठवड्यात दोन मराठी बापांची दोन मुलं. २०१९ मध्ये अयोध्या प्रकरणात ललित पीठावर आले, तेव्हा ते पूर्वी कल्याणसिंगांचे वकील होते हे मुस्लिम पक्षाच्या वकिलांनी निदर्शनास आणलं, आणि ललित बाजूला झाले.

२०२२ मध्ये ते ७४ दिवसांसाठी सरन्यायाधीश झाले. ९ सप्टेंबर २०२२ ला त्यांच्या पीठाने सिद्दीक कप्पन यांना जामीन दिला. केरळचा हा पत्रकार हाथरसला जात असताना ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला होता आणि यूएपीएखाली जवळपास दोन वर्षं आत होता. आणीबाणीत बापाने जामीन दिला आणि पद गमावलं. पंचेचाळीस वर्षांनंतर मुलाने देशाच्या सर्वोच्च खुर्चीवरून एका मुसलमान पत्रकाराला जामीन दिला. कुर्बान हुसेनही पत्रकारच होते. सोलापूरच्या मातीत उगवलेली ही रेघ मला फार मोलाची वाटते.

पण रेघ सरळ नाही, हेही लिहायला हवं. जामीन मिळूनही दुसऱ्या गुन्ह्यामुळे कप्पन फेब्रुवारी २०२३ पर्यंत बाहेर येऊ शकले नाहीत. आणि त्याच ७४ दिवसांत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्राध्यापक साईबाबांना निर्दोष सोडलं, तर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाच्या खास बसलेल्या पीठाने तो निकाल स्थगित केला. साईबाबा २०२४ मध्ये पुन्हा निर्दोष ठरले, सुटले आणि काही महिन्यांत वारले. एकाच इमारतीत एका दालनात दार उघडतं, दुसऱ्यात बंद होतं. न्यायालय म्हणजे एक माणूस नव्हे, एक मतही नव्हे.

मग त्या मुलाला काय सांगायचं?

बेटा, तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं. फाशी कोर्टानेच दिली. कोर्ट आपलं झालं म्हणून आपोआप सुधारलंही नाही. १९७६ मध्ये आपल्याच कोर्टाने आपल्याच लोकांना दारातून परत पाठवलं. पण १९३१ आणि आजच्यात एक फरक आहे, तो लहान समजू नकोस. कुर्बान हुसेन यांच्या वकिलाच्या हातात सरकारच्या वर जाणारा कागद नव्हता. तुझ्या वकिलाच्या हातात आहे. एडीएम जबलपूर चूक होता हे म्हणायला एकेचाळीस वर्षं लागली, पण म्हणता आलं, कारण तो कागद होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवून टाकलं की आणीबाणी आली तरी कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, कोणी थांबवू शकणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या न्यायमूर्ती भूषण गवईंच्या पीठाने बुलडोझरबद्दल सांगितलं की एखाद्यावर आरोप आहे म्हणून त्याचं घर पाडता येणार नाही, आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि प्रशासनाने न्यायाधीश बनू नये. हा निकाल पाळला जातो का, हे बघणं मात्र तुझं-माझं काम आहे.

आपल्या समाजात दोन टोकं आहेत. एक म्हणतं, कोर्टावर पूर्ण विश्वास, आणि निकालपत्र कधी उघडूनही पाहत नाही. दुसरं म्हणतं, सगळं ठरलेलं असतं, आणि मग तारखेलाही जात नाही, वकीलही होत नाही. मला दोन्ही आळशीपणा वाटतात. भरोसा ही आंधळेपणाने करायची गोष्ट नाही आणि रागाने सोडून द्यायचीही नाही. आपण बँकेत पैसे ठेवतो तेव्हा बँकेवर भरोसा ठेवतो आणि पासबुकही भरून आणतो. कोर्टाचंही तसंच. निकाल वाचायचा, कारणं पाहायची, चुकलं तर चुकलं म्हणायचं, न्यायाधीशांच्या नेमणुका कशा होतात ते विचारायचं, आणि आपली मुलं कायद्याच्या कॉलेजात पाठवायची.

यंदाच्या १२ जानेवारीला मी वर्गाला घेऊन चार पुतळ्याला जाणार आहे. हार घालून झाल्यावर तिथेच उभं राहून ललितांची गोष्टही सांगेन. ज्या गावाने १९३० मध्ये रागाने कोर्ट जाळलं, त्याच गावच्या एका माणसाने पुढे न्यायासनावर बसून सरकारला 'पुरावा कुठे आहे' असं विचारलं आणि त्याची किंमत चुकवली. मुलांनी दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात. आणि तो मुलगा, आता दहावीत आहे, पुन्हा हात वर करेल याची मला खात्री आहे.